दलदलीपलीकडचा किनारा

विनिपेगमध्ये बेसमेंट भाड्याने घ्यायला गेले तेव्हा घरमालकीण बाईंनी मला नोकरी कुठे, पगार किती, स्वयंपाकाचा वास येणार का, यातलं काहीच विचारलं नाही. दारातच माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "चिखलात चालायची सवय आहे का?"

मी नागपूरची. "उन्हात चालायची आहे," मी म्हटलं.

"ते बरंय. चिखलाचं शिकशील." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

मला वाटलं, मार्चमधे बर्फ वितळतो त्याबद्दल बोलत असतील.

बाई मूळच्या कराडकडच्या. सत्तरच्या दशकात सिव्हिल इंजिनिअर होऊन एकट्या इकडे आल्या आणि प्रांताच्या रस्ते खात्यात लागल्या. रिटायर होईपर्यंत तिथेच. लग्न केलं नाही. मी राहायला गेले तेव्हा सत्तरी ओलांडलेली, उंच, काटक, केस बॉयकट. अंगावर कोड होतं. ओठांभोवती, डोळ्यांभोवती, मानेवर, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत जवळजवळ पूर्ण पांढरे. पहिल्या संध्याकाळी त्यांनी चहाला वर बोलावलं. माझी नजर कुठे ठेवावी ते मला कळत नव्हतं.

"बघायचं असेल तर नीट बघून घे," त्या म्हणाल्या, "मग चहा पिऊ. चोरून बघत बसलं की चहा गार होतो."

मी बघितलं. मग आम्ही चहा प्यायलो. मी त्यांना आंटी म्हणाले तर म्हणाल्या, मावशी म्हण, आंटी म्हटलं की मला बँकेत उभं राहिल्यासारखं वाटतं.

बाईंचं जग उतारावर चालायचं. उतार नीट असेल तर सगळं नीट. मी ड्राइव्हवे शोव्हल करायला लागले की त्या खिडकीत उभ्या राहून काचेवर टकटक करायच्या आणि बोटाने दाखवायच्या, बर्फ इकडे नको, तिकडे टाक. कुणाकडे जेवायला गेल्या तर आधी घराभोवती एक फेरी मारायच्या आणि यजमानांना सांगायच्या, तुमच्या बेसमेंटमधे एप्रिलात पाणी शिरणार. एप्रिलात पाणी शिरायचं. मग ते लोक पुन्हा बोलवायचे नाहीत. हायवेने जाताना मधेच पिकअप बाजूला घ्यायच्या, उतरून रस्त्याखालच्या मोरीत वाकून बघायच्या आणि परत येऊन सांगायच्या, "ही माझी. अजून तुंबलेली नाही."

जून उजाडला की शुक्रवारी दुपारी त्या पिकअपमधे थर्मास, चपात्या, शेंगदाण्याची चटणी, एक मोठी छत्री आणि घडी घातलेले टॉवेल भरून निघून जायच्या. रात्री उशिरा परत. केसांत वाळू. कुठे जाता, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ते मला मराठी मंडळाच्या गणपतीत कळलं. प्रसादाच्या रांगेत एक काकू माझ्या कानाशी लागल्या. "तुझ्या घरमालकीणबाई उन्हाळ्यात कुठे जातात माहितीये ना? न्यूड बीचवर." न्यूड हा शब्द त्यांनी इतका हळू म्हटला की मला तो दुसऱ्यांदा विचारावा लागला. त्यामुळे पुढच्या दोघींनाही ऐकू गेला.

घरी आले तेव्हा बाई मटार सोलत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं.

"जाते," त्या म्हणाल्या. "मला विचारलंस हे बरं केलंस. बाकीचे मला सोडून सगळ्यांना विचारतात."

"मग तिथे कपडे..."

"ऑप्शनल. म्हणजे काढायलाच पाहिजेत असं नाही, घालायलाच पाहिजेत असंही नाही. एवढं साधं इंग्रजी आपल्या मंडळात कुणाला येत नाही." त्यांनी एक शेंग माझ्याकडे सरकवली. "पुढच्या उन्हाळ्यात येतेस?"

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले, मुख्यतः कुतूहलाने. नागपूरला आईला सांगितलं की तळ्यावर पिकनिकला चाललेय, आणि ते खोटं नव्हतं.

शहराच्या उत्तरेला तासाभराहून जास्त ड्राइव्ह. शेतं संपतात, झाडं बुटकी होत जातात आणि खडीचा रस्ता एका ठिकाणी काही कारण नसताना थांबतो. गाडी वळवायला गोल जागा, एक वाकलेला खांब, पुढे डोक्याएवढं उंच गवत आणि पाणथळ जमीन. बाईंनी मला पँट मोज्यांत खोचायला लावली, गोचिडींसाठी. डासांसाठी तोंडावर जाळी. हात खिशात, कारण वाटेच्या दोन्ही बाजूंना पॉयझन आयव्ही, ती लागली की आठवडाभर खाजवत बसायचं. कपडे काढायच्या जागी जाण्यासाठी मी जानेवारीत करते तशी तयारी करून चिखल तुडवत होते. कुठे कुठे कुणी टाकलेल्या जुन्या फळ्या होत्या. त्यांवर बाई पुढे, पाठीला छत्री बांधून, मी मागे.

मग वाळूची एक टेकडी चढलो आणि एकदम वारा लागला. डास संपले. समोर तळं, पलीकडचा काठ न दिसणारं. खाली वाळूत चाळीसएक माणसं असतील.

मी आकाशाकडे बघायला लागले.

"वर काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग खाली बघ. माणसं आहेत."

बघितलं. बहुतेक सगळी म्हातारी होती. सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण, सुरकुत्या. एकजण शब्दकोडं सोडवत होता. एक बाई स्वेटर विणत होती, आणि त्या स्वेटरएवढंही तिच्या अंगावर काही नव्हतं. मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते कंटाळ्याचं. इतका शांत, घरगुती कंटाळा मी फक्त दिवाळीच्या सुट्टीतल्या दुपारी पाहिला होता. मी जीन्स आणि टी-शर्टात बसून राहिले आणि कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

बाईंनी लांब बाह्यांचा शर्ट काढला. आत बिनबाह्यांचा सुती फ्रॉक होता. हातांना, मानेला, पायांना सनस्क्रीनचा जाड थर लावला, कारण कोडाची कातडी उन्हात लगेच भाजते, आणि छत्रीखाली बसल्या. त्यांचं ऑप्शनल एवढंच. गेली कित्येक वर्षं त्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त कपड्यांतली व्यक्ती त्याच होत्या.

थोड्या वेळाने एक म्हातारा आला. अंगावर गवती हॅट आणि पायांत मोजे, बाकी काही नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमधला रिटायर्ड वेल्डर. आजोबा युक्रेनहून आलेले. लहान असल्यापासून तो इथे येत होता आणि कुणी न नेमता किनाऱ्याचा सरपंच झाला होता. त्याने मला कॉफी हवी का विचारलं. मी हो म्हटलं आणि पूर्ण वेळ त्याच्या हॅटकडे बघत ती प्यायले.

किनाऱ्याचा इतिहास बाई आणि तो मिळून सांगायचे, एकमेकांची वाक्यं खोडत. वेल्डर म्हणायचा, ही जागा आमच्या लोकांनी शोधली. बाई म्हणायच्या, शोधली कसली, मूळच्या लोकांचे मासेमारीचे तळ इथं होतेच, तुझ्या आजोबांना वाट त्यांनीच दाखवली असेल. मग वेल्डर मान्य करायचा. रेल्वेचे कामगार रविवारी इथे अंघोळीला यायचे. त्या काळचे लोकरीचे पोहायचे कपडे भिजले की दगडासारखे जड व्हायचे, म्हणून ते घालायचेच नाहीत. पुढे त्यांच्या बायका यायला लागल्या, मग मुलं. मग लांब केसांची तरुण मंडळी गिटार घेऊन आली. त्यांच्यामागून पोलीस यायचे. पण पोलिसांना दलदलीतून यावं लागायचं, आणि येता येता त्यांच्या शिव्या इतक्या लांबून ऐकू यायच्या की ते पोचेपर्यंत सगळे कपडे घालून पत्ते खेळत बसलेले असायचे. शेवटी पोलीसही कंटाळले.

"आणि मग रस्ता येणार होता," वेल्डर म्हणायचा आणि बाईंकडे हात करायचा. "हिने अडवला."

खात्यात लागल्यावर बाईंच्या पहिल्या काही कामांपैकी ते एक. किनाऱ्यापर्यंत मोटाररस्ता नेता येईल का, याची पाहणी. चारजणांच्या तुकडीबरोबर त्या दलदलीत शिरल्या. जून महिना, आणि त्या गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टात, मनगटापर्यंत बाह्या. पंधराव्या वर्षी अंगावर कोड फुटलं तेव्हापासून त्यांच्या आईने त्यांना लांब बाह्यांचं पोलकं घालायला लावलं होतं. लग्नाघरी त्यांना मागच्या खोलीत बसवायचे. धाकट्या बहिणीला बघायला येणार असले की त्यांना आत्याकडे पाठवून द्यायचे. "आई वाईट नव्हती," बाई म्हणायच्या. "घाबरलेली होती. मीपण तिच्याकडूनच घाबरायला शिकले."

तुकडी पुढे मोजत गेली आणि बाई एकट्याच टेकडी चढून वर आल्या. खाली ही उघडी माणसं. त्या वळणार, तेवढ्यात एका तरुण बाईने हाक मारली. तिच्या पोटावर, मांडीवर भाजल्याचा मोठा व्रण होता, लहानपणी चुलीवरचं पाणी सांडलेलं. ती कॉफी ओतत होती. उन्हाने बाईंनी नकळत एक बाही वर केली होती. तिने हाताकडे पाहिलं.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"नाही."

"साखर किती?"

बाई हे सांगताना हसायच्या. "आमच्या गावात त्या प्रश्नानंतर पुष्कळ प्रश्न यायचे," त्या म्हणाल्या. "हिचे तिथंच संपले."

ती बाई पुढे वेल्डरची बायको झाली.

बाईंनी खात्याला सांगितलं की दलदल खोल आहे, रस्ता खचेल आणि पक्ष्यांची घरटी जातील. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. रस्ता जिथवर बांधून झाला होता तिथेच थांबला. पुढच्या उन्हाळ्यापासून बाई तिथे यायला लागल्या. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर करायलाच त्यांना काही उन्हाळे लागले, बिनबाह्यांचा फ्रॉक त्यानंतर कधीतरी आला.

मी बाईंकडे राहत होते त्या वर्षांतच किनाऱ्याचा एकांत संपायला लागला. कुणीतरी दलदलीतली वाट इंटरनेटवर टाकली. टेकडीवर फोन धरून उभी पोरं दिसायला लागली. एकदा ड्रोन आला तेव्हा वेल्डरने मोजा काढून त्यात वाळू भरली आणि त्याच्यावर फेकली. लागला नाही, पण पोरं पळाली. जवळच कॉटेजेस झाली होती, आणि त्यांच्या मालकांना तळ्यापर्यंत रस्ता आणि पार्किंग लॉट हवा होता. म्युनिसिपालिटीने ऑक्टोबरमधे मीटिंग ठेवली.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बाई टपालपेटीपाशी बर्फावरून घसरल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं. घरात वॉकर आला. जून आला, शुक्रवार आले आणि गेले. पिकअप जागची हलली नाही. मी म्हटलं, मी गाडी चालवते, आपण रस्ता संपतो तिथपर्यंत तरी जाऊ. म्हणाल्या, "तिथं बसून गवत बघायचं?"

रविवारी वेल्डर भेटायला यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी दारात त्याला ओळखलं नाही. शर्ट, पँट, पट्टा. त्याने हॅट घातली तेव्हा कुठे लक्षात आलं. तो पाण्याची पातळी सांगायचा, कोण आलं कोण नाही ते सांगायचा आणि मीटिंगची तयारी करायचा. "तूच बोल," तो बाईंना म्हणायचा. "एकदा अडवलायस, आता परत अडव."

"बोलते," बाई म्हणायच्या. त्याची बायको कशी आहे, हे त्या दर वेळी विचारायच्या. काही वर्षांपूर्वी तिला स्ट्रोक झाला होता. बोलणं अडखळत होतं, उजवा हातपाय लुळा पडला होता. "आहे," तो म्हणायचा. "टीव्ही बघते."

मीटिंगला बाईंनी साडी नेसली आणि बिनबाह्यांचा ब्लाउज घातला. बाहेर बर्फाचे पहिले कण पडत होते आणि हॉलमधे सगळे जॅकेटात. मी शाल दिली ती त्यांनी खुर्चीवर ठेवून दिली. वॉकर टेकत त्या माईकपाशी गेल्या.

"रस्ता जिथं थांबतो तिथं मी थांबवलाय," त्यांनी सुरुवात केली. "दलदल तेव्हा होती तशीच आहे. आज रस्ता बांधलात तर तीन हिवाळ्यांत खचेल, आणि मोटारी आल्या की हा किनारा इतर किनाऱ्यांसारखा होईल. तेव्हा रस्ता नको."

आमच्या बाजूने टाळ्या वाजल्या. वेल्डर सगळ्यात जोरात.

"पण मी या वर्षी एकदाही तिथं गेलेले नाही," बाई पुढे म्हणाल्या. "जाऊच शकत नाही. आमच्यातलं कुणी यायचं बंद झालं की आम्ही म्हणायचो, गेला असेल बिचारा. आता घरी बसल्यावर कळलं की त्यातले अर्धे जिवंत आहेत. माझ्यासारखेच घरात बसलेत. म्हणून मला लाकडी वाट हवी आहे. व्हीलचेअर जाईल एवढी रुंद, मोटार जाणार नाही एवढी अरुंद. आणि सुरुवातीला मोठी पाटी, पलीकडं काय आहे ते स्पष्ट सांगणारी. ज्याला नको तो तिथूनच वळेल."

या वेळी टाळ्या नाहीत. वेल्डर उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "त्या चिखलानेच आम्हाला इतकी वर्षं सांभाळलं," तो म्हणाला. "तू सगळ्या जगाला आत घेतेयस. तुला पाय राहिले नाहीत म्हणून?"

"तुझी बायको शेवटची कधी आली होती?" बाईंनी विचारलं.

त्याने हॅट उचलली आणि निघून गेला.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "चारचौघांत विचारायला नको होतं मी ते."

"खरं होतं, मावशी."

"खरं असलं म्हणून काय झालं. मला पंधराव्या वर्षी सगळे खरंच बोलायचे."

वेल्डर त्यानंतर रविवारी आला नाही. बाईंनी दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी फोनच्या निरोपाच्या मशीनवर माफी मागितली, वाटेबद्दल नव्हे, प्रश्नाबद्दल, आणि तसं स्पष्ट सांगितलं. हिवाळाभर उत्तर नाही.

रस्त्याचा बेत बारगळला. लाकडी वाट व्हायला आणखी एक वर्ष गेलं. दलदलीवर खांब ठोकून, पाण्याला खालून जाऊ देत, गवतातून वळत जाणारी वाट. बाई वॉकर घेऊन दर आठवड्याला काम बघायला जायच्या आणि मुकादमाला उतार शिकवायच्या. मुकादम आधी वैतागला आणि मग त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवायला लागला.

पहिल्या उन्हाळ्यात भीती वाटली होती तेवढी गर्दी आली नाही. बघ्यांची मजा गेली होती. पाटीवर सगळं लिहिलेलं असल्यावर लपून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिसेनासे झालेले लोक मात्र दिसायला लागले. एक म्हातारा नळीतून ऑक्सिजन घेत आला आणि त्याला बघून तीनजण रडले, कारण तो गेला असं समजून त्यांनी मागेच त्याच्या आठवणीत वाळूत कॉफी ओतली होती. एक पंजाबी नर्स आली, सिझेरियनच्या व्रणाची, आणि बाईंशी हिंदीत दिवसभर बोलत बसली. मी स्वतः त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाण्यात उतरले, टी-शर्टसकट. बाई म्हणाल्या, "भिजल्यावर जड होतो, नाही?" आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

वेल्डर यायचा, पण दलदलीतून. सत्तरी ओलांडलेला माणूस नव्या कोऱ्या वाटेच्या शेजारून, गुडघाभर चिखलातून, हॅट सावरत. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. बाई थर्मास घेऊन माझ्या आधाराने निघाल्या तर उठून पाण्यात जायचा.

ऑगस्टच्या शेवटी, हवा पहिल्यांदा गार झाली त्या शनिवारी, वाटेवरून चाकांचा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर वेल्डर उभा होता, पूर्ण कपड्यांत, आणि त्याच्या पुढे व्हीलचेअरमधे ब्लँकेट पांघरलेली त्याची बायको.

वाट टेकडीवरून उतरून किनाऱ्याकडच्या पायथ्याशी संपत होती. पुढे नुसती वाळू. त्याने खुर्ची ढकलली आणि चाकं रुतली. त्याने जोर लावला, आणखी रुतली. बाई वाटेच्या टोकाशीच लावलेल्या छत्रीखालून उठल्या, वॉकर पुढे टाकला, आणि त्यांचाही वॉकर रुतला. दोघं दोन हातांच्या अंतरावर अडकून एकमेकांकडे बघत उभी राहिली.

मग शब्दकोडंवाला उठला. स्वेटर विणणारी उठली. नर्स, मी, आणखी चारपाच जण. आम्ही खुर्ची चारी बाजूंनी उचलली आणि पाण्यापर्यंत नेली. ओल्या वाळूत टेकवली तेव्हा वेल्डरने वाकून तिच्या पायांतले मोजे काढले. एक लाट आली आणि तिच्या दोन्ही पायांवरून गेली. तिने मोठ्याने काहीतरी म्हटलं. शब्द नीट लागला नाही. मग तिने डाव्या हाताने अंगावरचं ब्लँकेट बाजूला केलं, झग्याची बटणं सोडायला लागली, आणि एका बटणापाशी अडली. वेल्डरने ते सोडलं. पोटावरचा जुना व्रण उन्हात चकाकला.

बाईंना मी हाताला धरून पाण्यापाशी आणलं. त्या तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. तिने डाव्या हाताने बाईंचा पांढरा हात धरला आणि सोडला नाही.

मग बाईंनी मागे वळून टेकडीकडे, वाटेकडे आणि मधल्या वाळूकडे नजर टाकली, डोळे बारीक करून, त्या मोऱ्यांकडे बघायच्या तशी.

"फळ्या कमी पडल्या," त्या इंग्रजीत वेल्डरला म्हणाल्या. "माझं चुकलं. पाण्यापर्यंत न्यायला हव्या होत्या. नोव्हेंबरात पुढची मीटिंग आहे."

वेल्डर बायकोच्या पायांशी वाळूत बसला होता. पँट भिजली होती.

"या वेळी मी बोलतो," तो म्हणाला.